हळदीचा डाग आणि एप्रिलमधलं मतदान

आज, २ एप्रिल २०२५ ला, सकाळी साडेसहाला चहा टाकला, फोन उघडला आणि ग्रुपवर पहिलाच मेसेज: "काल कसली निवडणूक होती? इलेक्शन नोव्हेंबरमध्ये असतं ना?" खाली तीन हसरे चेहरे. त्याखाली एकाचं उत्तर: "काहीतरी लोकल असेल, सोडा."

काहीतरी लोकल! इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात काल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाची निवडणूक होती. चहा उतू गेलेला मला वासावरून कळला.

विचारणारे दादा कोण ते सांगत नाही. भला माणूस आहे, जानेवारीत आमची गाडी बर्फात रुतली तेव्हा फावडं घेऊन आला होता. पण ह्याच माणसानं गेल्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी चालू असताना रात्रभर जागून आम्हाला फेरीनिहाय आकडे पाठवले होते. बारामतीत कोण पुढे, माहीमला काय झालं, सगळं. तिथे त्याला मत नाही, तिथलं नागरिकत्व कधीच सोडलंय, पासपोर्ट अमेरिकेचा होऊन दहा वर्षं झाली. जिथे मत नाही तिथल्या फेऱ्या पाठ, आणि जिथे मत आहे तिथे काल मतदान होतं ह्याचा पत्ता नाही.

बरं, ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं की "राजकारण नको" म्हणून ॲडमिन येतात. (आकडे पाठवले ते राजकारण नव्हतं बहुतेक.) म्हणून इथे लिहितेय.

विस्कॉन्सिनमध्ये दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मतदान असतं. बर्फ नुकतंच वितळलेलं, अंगणात चिखल. ह्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश निवडतात, दहा वर्षांसाठी. सर्किट कोर्टाचे, म्हणजे खालच्या कोर्टाचे जज, सहा वर्षांसाठी. महापौर, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) कार्यकारी प्रमुख, स्कूल बोर्ड, राज्याचा शाळाप्रमुख, सगळे ह्याच एप्रिलमध्ये, कुणी ह्या वर्षी, कुणी पुढच्या. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, नुसती माणसांची नावं आणि शेजारी रंगवायचे छोटे लंबगोल. आपण ज्यांना "काहीतरी लोकल" म्हणतो ते हे लोक. पोरांची शाळा ह्यांच्या हातात, रस्त्यावरचा बर्फ ह्यांच्या हातात, आणि कधी कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर वर बसलेला माणूसही ह्यांतलाच.

माझ्यावर ती वेळ आली होती. अनेकांना ही गोष्ट मी सांगितली आहे, परत ऐका.

२०१४ साल. आम्ही मिलवॉकीत एक अपार्टमेंट सोडलं. डिपॉझिट ८५० डॉलर. घरमालकानं एक छदाम परत दिला नाही, उलट यादी पाठवली: कार्पेटवर पिवळा डाग, कार्पेट बदलण्याचे ६००. स्वयंपाकघरातला "वास" काढण्याचे २५०. बरोब्बर ८५०, बघा कसा हिशोब जमला! डाग खरा होता. पोहे करताना हळदीची वाटी सांडली होती माझ्या हातून, तळहाताएवढा डाग. पण वास? वास म्हणजे माझी फोडणी! नवरा म्हणाला सोड, परक्या देशात कोर्टकचेरी कशाला. मी नाही सोडलं. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, स्वतःच अर्ज भरला, वकील नाही. आधी कोर्टाच्या कमिशनरपुढे, तिथे मिटलं नाही, मग जजसमोर.

जजबाई साठीच्या असतील. माझे फोटो हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला, फोटो उलटा करून परत सुलटा केला. डागाबद्दल मला काहीही विचारलं नाही. मालकाला विचारलं, हे कार्पेट कधी टाकलं होतं? तो म्हणाला, २००३ मध्ये. त्या म्हणाल्या, म्हणजे अकरा वर्षं. मग थांबल्या. नुसत्या थांबल्या. त्या शांततेत मालकाचा चेहरा जो काय उतरला, तो मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. अकरा वर्षं जुन्या कार्पेटची किंमत ती काय उरणार? आणि वासाबद्दल त्यांनी जे त्याला सुनावलं ते तर सोडूनच द्या. इथल्या नियमात बेकायदा अडवलेलं डिपॉझिट दुप्पट द्यावं लागतं. १७०० डॉलर मिळाले, वर कोर्टाचा खर्च.

हां, तर त्या बाई निवडून आलेल्या होत्या. एप्रिलमध्ये. कुणीतरी चिखल तुडवत जाऊन त्यांच्या नावापुढचा लंबगोल रंगवला होता म्हणून त्या तिथे बसल्या होत्या. त्या लोकांत मी नव्हते, तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्डही नव्हतं.

आता परवाच्या तमाशाकडे येते. पाडवा होता, ३० मार्च. मी इथे पडद्याच्या दांडीला खण आणि तांब्या बांधून बाल्कनीत गुढी उभारत होते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी दोन तासांवर ग्रीन बेमध्ये इलॉन मस्क डोक्यावर चीजच्या तुकड्यासारखी पिवळी टोपी घालून दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक वाटत होता. कशासाठी? सुप्रीम कोर्टाच्या एका जागेसाठी! सातातली एक जागा. त्यानं आणि त्याच्या संघटनांनी मिळून दोन कोटी डॉलरच्या वर ओतले. दोन्ही बाजू धरून खर्च दहा कोटींच्या घरात. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस ज्या निवडणुकीसाठी टोपी घालून नाचतो, ती आमच्या दादांना माहीतच नाही! त्याला कळलं ह्या खुर्चीची किंमत काय आहे, आपल्याला नाही कळत?

आमच्याही बाजूला अब्जाधीश होते, सोरोस होते, प्रित्झकर होते. हो, होते. मान्य.

काल मस्कच्या उमेदवाराला हरवून आमच्या सुझन क्रॉफर्ड जिंकल्या, शंभरातली सुमारे ५५ मतं घेऊन. टोपीवाल्याचे पैसे पाण्यात. सांगायला नको किती बरं वाटलं, तुम्हालाही वाटलंच असेल. पूर्वी अशा एप्रिलच्या निवडणुकीला पाचातला एखादा मतदार फिरकायचा, काल राज्यात निम्मे आले. मिलवॉकीत काही केंद्रांवर मतपत्रिका संपल्या, इतके लोक. म्हणजे संध्याकाळी ऑफिसातून सुटून आलेली माणसं रांगेत उभी आणि कागद नाही! ह्यावर महापालिकेला फोन करून मी वेगळं भांडणार आहे.

दुपारी नाशिकला भावाशी बोलले. तो वकील आहे. तो दर वर्षी एकच वाक्य म्हणतो: "जज मतं मागतो? लाज वाटत नाही?" त्याचं म्हणणं, आमच्याकडे परीक्षा देऊन न्यायाधीश होतात, वरचे कॉलेजियममधून, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवडीतून येतात, तुमच्याकडे टीव्हीवर जाहिराती करतात. ज्यानं कोट्यवधी दिले त्याचा खटला उद्या आला तर? बरोबर आहे त्याचं. माझ्याकडे उत्तर नाही. पद्धत माझ्या हातात असती तर मीही हीच ठेवली असती असं नाही. पण आहे ती ही आहे, आणि आपण घरी बसलो म्हणून जज परीक्षा देऊन येणार नाहीत. दुसरा कुणीतरी निवडेल, एवढंच.

शिवाय निवडून आलेला माणूस नेहमी निवडून देणाऱ्यांच्या मनासारखंच वागतो असंही नाही. ह्याच सुप्रीम कोर्टाचे ब्रायन हेगडॉर्न २०१९ मध्ये सहा हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकले. आख्ख्या राज्यात सहा हजार! मी तेव्हा कपाळाला हात लावला होता, माझ्या बाजूचे नव्हतेच ते, रिपब्लिकनांच्या पाठिंब्यावर आलेले. पण डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प आमच्या आणि मॅडिसनकडच्या काउंटीतली दोन लाखांवर मतं बाद करायला निघाले, तेव्हा कोर्टानं ४ विरुद्ध ३ असं ते फेटाळलं, आणि ते चौथं मत हेगडॉर्न यांचं होतं. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला. कुणासाठी लावतेय ते देवालाही सांगितलं नाही.

आणि २०२० वरून ते एप्रिल आठवलंच. आम्ही तेव्हा रिव्हरसाइड हायस्कूलच्या जवळ राहायचो. करोना नुकता आलेला. राज्यपालांनी आदल्या दिवशी मतदान पुढे ढकललं, आणि संध्याकाळपर्यंत ह्याच सुप्रीम कोर्टानं ते परत जागेवर आणलं: उद्याच होणार. एरवी शहरात १८० च्या आसपास केंद्रं असतात, त्या दिवशी पाच. पाच! त्यांतलं एक आमचं रिव्हरसाइड. खिडकीतून रांग दिसत होती, शेपूट कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मास्क लावलेली, रुमाल बांधलेली माणसं, सहा-सहा फुटांवर. दुपारी पाऊस आणि गारा. कोणी हललं नाही. एक म्हातारा घडीची खुर्ची घेऊन आला होता, रांग पुढे सरकली की खुर्ची उचलायचा, दोन पावलं टाकायचा, परत उघडून बसायचा. मी खिडकीत, हातात गरम कप, पर्समध्ये ग्रीन कार्ड. मला जाता येत नव्हतं. तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू.

हे सगळं इतक्या तावातावानं लिहितेय खरी. पण आता खरं सांगते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, मी नागरिक झाले. शपथ घेतली, फोटो टाकला, तुम्ही सगळ्यांनी लाईक केलात. आणि ६ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा मला मत होतं, तेव्हा मी गेले नाही. आजारी नव्हते, काही नव्हते. संध्याकाळी कामावरून आले, कंटाळा आला होता, नवरा म्हणाला नोव्हेंबरमध्ये जाऊ. मी म्हटलं बरं. दोन दिवसांनी उमेदवारांची यादी पाहिली तर त्यात माझ्या जजबाईंचं नाव होतं. कार्पेटवाल्या. समोर उमेदवार कुणी नव्हता, त्या येणारच होत्या, माझ्या मतानं काडीचाही फरक पडला नसता. पण मला एक लंबगोल रंगवायचा होता आणि मी तो रंगवला नाही. सहा वर्षांची मुदत असते. म्हणजे आता २०२७. त्या उभ्या राहतील की निवृत्त होतील कोण जाणे.

तर दादा, मीही तुमच्यासारखीच होते. तुम्ही निदान विचारलंत तरी.

संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, गटार महिनाभर तुंबलंय, सांगायचं कुणाला? नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. तीन वर्षं नगरसेवक नाही. पूर्वी तिच्या वॉर्डातला नगरसेवक आईला "काकू" म्हणायचा आणि काम करायचा नाही, पण दारात उभं राहून त्याला चार शब्द तरी ऐकवता यायचे. आता तेवढंही नाही. मी तिला सांगितलं, आमच्याकडे काल जजची निवडणूक झाली. तिनं विचारलं, "जज? तो पण मत मागायला येतो?" म्हटलं, हो. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे कुणी मागायलाच येईना झालंय गं."

ह्यावर मला काही सुचलं नाही. कढीपत्ता कसा आहे, जगला का, असं काहीतरी विचारून फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू आहे, आंबेडाळ, पन्हं, नेहमीचं. येणाऱ्या बायकांनो, ज्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे त्यांनी फोन चार्ज करून या. प्रत्येकीचं नाव यादीत आहे का आणि केंद्र कुठलं ते तिथेच बघू, पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांना राजकारण नको त्यांनी तेवढी पाच मिनिटं पन्हं प्यावं. पुढचं मतदान ७ एप्रिल २०२६. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून छापायचं आहे, म्हणून ह्याच वर्षीच्या शेवटच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, पेननं लिहून ठेवलंय. आणि दादा, तुम्हीही या. वहिनींना घेऊन या. कार्पेटवर हळद सांडली तरी चालेल, हे घर आमचं स्वतःचं आहे.