गच्चीवरचे प्लेबियन

भाच्याच्या शाळेने आंतरशालेय प्रश्नमंजुषेसाठी ‘प्राचीन रोम : आरंभीचा इतिहास, समाज आणि राज्यव्यवस्था’ हा विषय जाहीर केला आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो, ही गोष्ट आमच्या घरात एरवी कोणी चारचौघांत काढत नाही, परंतु त्या दिवशी “तुझ्या बी. ए.चा एकदा तरी उपयोग होऊ दे,” असे म्हणून तिने आठ दिवसांची शिकवणी माझ्या गळ्यात बांधली.

पहिला दिवस राजांना दिला. परंपरेप्रमाणे रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ मध्ये २१ एप्रिलला झाली आणि कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारल्याबद्दल रोम्युलसने सख्ख्या भावाचा जीव घेतला, इथपर्यंत विद्यार्थी खूश होता. पुढे रोम्युलस धरून सात राजे आणि इ.स.पू. ५०९ मध्ये राजेशाहीचा शेवट, असे मी फळ्यावर लिहिताच त्याने वजाबाकी केली आणि म्हणाला, “२४४ वर्षांत फक्त सात? म्हणजे एकेकाने सरासरी पस्तीस वर्षं राज्य केलं? त्यातल्या काहींचे तर खूनही झाले होते ना?” इतिहासकारांनाही नेमकी हीच शंका आहे, हे मला ठाऊक होते, पण मामाने पहिल्याच दिवशी शरण जाणे बरे नव्हे, म्हणून मी “पाठ कर” एवढेच म्हणालो.

नावांनी तर आमच्या दोघांचा अंत पाहिला. रोमन पुरुषांच्या वापरातली पहिली नावे जेमतेम दीड डझन, त्यामुळे बाप गायस, मुलगा गायस आणि नातूही गायस. शिवाय हे नाव संक्षेपाने लिहिताना ‘सी’ अक्षराने लिहायचे आणि वाचायचे मात्र ‘गायस’. मुलींना तेवढेही नाव नाही. कुळ कॉर्नेलियस असेल तर मुलगी कॉर्नेलिया. दुसरी झाली की थोरली कॉर्नेलिया आणि धाकटी कॉर्नेलिया. आणखी एक झाली की ती नुसतीच ‘तिसरी’. तारखांचा प्रकार याहून अवघड होता. रोमन लोक पुढचा ठरावीक दिवस धरून उलटे मोजत आणि तो दिवसही मोजणीत धरत, त्यामुळे ३० मार्च म्हणजे एप्रिलच्या पहिल्या तारखेआधीचा ‘तिसरा’ दिवस. “दोनच दिवस आधी आहे की!” असे म्हणून भाच्याने वही मिटली. तेव्हा मला आपला पाच दिवसांचा गणपती आठवला, जो बसल्या दिवसापासून मोजून पाचव्या दिवशी उठतो. आणि आठवड्यातली माझी एकमेव उपमा लागू पडली.

कुटुंबप्रमुखाच्या अधिकारांचा धडा जेवणाच्या टेबलावर झाला. बारा फलकांच्या कायद्यानुसार, म्हणजे इ.स.पू. ४५० च्या सुमारास, बापाने मुलाला तीनदा विकले तर मुलगा बापाच्या ताब्यातून कायमचा सुटे. “पहिल्या दोन वेळा तो परत कसा येतो?” असा प्रश्न आला. विकत घेणाऱ्याने सोडून दिले की मुलगा पुन्हा बापाच्याच सत्तेखाली येतो, असे मी समजावत होतो, तोच ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आधी एक गिऱ्हाईक तरी मिळू दे.”

खरी फजिती मात्र राज्यव्यवस्थेने केली. राजा नको म्हणून रोमनांनी दोन कॉन्सल नेमले, तेही एकाच वर्षापुरते, आणि एकाला दुसऱ्याचे काम अडवण्याची मुभा ठेवली. लोकांना मत होते, पण ते १९३ गटांत विभागून. घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० गट आधी मत देत. त्यांचे एकमत झाले की ९८ मते पडून निकाल लागे आणि मोजणी तिथेच थांबे. काहीच मालमत्ता नसलेल्या सगळ्यांचा मिळून एकच गट, तोही शेवटचा. “म्हणजे बाहेरून काय मागवायचं ते आई-बाबा ठरवतात आणि मग मला विचारतात, तसंच,” असे भाचा म्हणाला. हे उदाहरण मला सुचायला हवे होते.

सहाव्या दिवशी मी त्याला इ.स.पू. ४९४ चा प्रसंग सांगितला, ही माझी घोडचूक. कर्जाखाली पिचलेले प्लेबियन, म्हणजे सामान्य लोक, लढायला नकार देऊन शहराबाहेरच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले आणि उमरावांची पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी आलो, तर विद्यार्थी घरात नव्हता. तो चटई, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचे दोन लाडू घेऊन गच्चीवर गेला होता. चार जिने चढून मी धापा टाकत वर पोहोचलो आणि उमरावांच्या वतीने समजूत घालायला गेलेल्या मेनेनियस अग्रिपाने त्या टेकडीवर सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली : हातपायांनी पोटाविरुद्ध संप पुकारला आणि शेवटी स्वतःच लुळे पडले. त्याने दुसरा लाडू संपवत शांतपणे ऐकून घेतले. “गोष्ट ऐकून ते खाली आले?” मी हो म्हणणार होतो, पण बी. ए. आडवे आले. गोष्टीने कोणी उतरत नसते. लोक खाली आले ते स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांच्या बाजूचे अधिकारी, मिळाल्यावर, ज्यांच्या अंगाला हात लावणे हे पाप ठरले आणि ज्यांना पुढे कोणताही हुकूम ‘मना आहे’ म्हणून रोखता येऊ लागला. हे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यानंतरचा अर्धा तास वाटाघाटींत गेला, आणि रोज वीस मिनिटे मोबाइल या अटीवर प्लेबियन खाली उतरला. ताईने तो करार मान्य केला, पण ‘उमराव’ म्हणून माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरलेलो नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो पोह्यांच्या बशीला हात लावेना. पवित्र कोंबड्या दाणे खात नसतील तर शकुन वाईट, त्या दिवशी लढाई करायची नसते, असे त्याने आईला ऐकवले.

“आणि कोणी केलीच तर?” तिने मला विचारले.

मी सांगितले, की इ.स.पू. २४९ मध्ये सिसिली बेटावरच्या ड्रेपानाजवळ आरमारावरच्या कोंबड्या खाईनात, तेव्हा कॉन्सल क्लॉडियस पुल्करने “खात नाहीत तर पिऊ देत,” असे म्हणून त्या समुद्रात फेकल्या, अशी गोष्ट रोमन सांगत.

ताईने एक शब्दही न बोलता पोह्यांची बशी उचलली आणि तिथे दुधाचा पेला ठेवला. भाच्याने तो एका दमात रिकामा केला आणि ओठांवरची साय पुसत माझ्याकडे पाहून म्हणाला, “त्याची ९३ जहाजं गेली, मामा. दंडही झाला.”