काका, फ्रेममध्ये येताय

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे कट्टर चाहते व्हायचंय? व्हा की. फार सोपं आहे. गेल्या शनिवारी पुण्यात त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. वाजवणारी इथलीच पाच पोरं, पण जीव तोडून वाजवत होती. ८०० रुपये मोजून मी तिथे अडीच तास बसलो आणि चाहता कसा असतो याचं संपूर्ण शिक्षण घेऊन आलो. ते तुम्हाला फुकट देतो.

आधी टी-शर्ट घ्या. त्यावर दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या असतात. हे काय, असं कुणी विचारलं तर 'लोगो' म्हणून मोकळं व्हा. त्या चौघांच्या राशी आहेत, दोघांची सिंह, गिटारवाल्या ब्रायन मेची कर्क, गायक फ्रेडी मर्क्युरीची कन्या, आणि ग्राफिक डिझाइन शिकलेल्या फ्रेडीनंच ते चित्र काढलंय, असल्या माहितीनं टी-शर्ट काही जास्त खुलून दिसत नाही.

मग पाचगणी. हा हुकमाचा एक्का, कुठल्याही गप्पांत टाकता येतो. "फ्रेडी मर्क्युरी आपलाच हो!" माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तो तीनदा टाकला, आणि तिसऱ्या खेपेला फ्रेडीचा जन्मच महाबळेश्वरला झाला होता. प्रत्यक्षात फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, १९४६ साली झांझिबारला पारशी घरात जन्मला आणि आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्सच्या वसतिगृहात आला. तिथे तो पियानो शिकला, शाळेतल्या पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही केला. पुढचे दात बाहेर, म्हणून पोरं त्याला 'बकी' म्हणायची. म्हणजे आपल्याकडून त्याला मिळालं काय, तर एक पियानो आणि दातांवरून पडलेलं नाव. तरी आपलाच!

बास वाजवणाऱ्याचं नाव पाठ करू नका. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉन डीकनचं आहे हे त्याला स्वतःलाही कुणाला सांगावंसं वाटत नसावं, इतका तो गप्प माणूस.

१९८४ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला जाऊन हे लोक वाजवून आले, हा विषय निघाला की चहा आणायला उठा.

इतिहासासाठी त्यांच्यावरचा २०१८चा तो सिनेमा पुरे. त्यात बँड फुटलेला असतो आणि 'लाइव्ह एड' या १९८५च्या मदतनिधीच्या मैफलीसाठी डोळ्यांत पाणी आणून पुन्हा एकत्र येतो. खरा बँड त्याच्या दोनच महिने आधी जपानात दौरा करून आला होता. पण दौरा करून दमलेल्या माणसांवर कोण रडणार?

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं पूर्ण ऐकायची गरज नाही. १९७५ साली ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओवर चालायचं नाही असं जाणकार सांगत होते, आणि ते ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. तुम्ही 'गॅलिलिओ' येईपर्यंत मेसेज बघा, तेवढा तुकडा रेकॉर्ड करा, परत मेसेज बघा.

आता मुख्य धडा. फोन. तो पहिल्या गाण्याला वर जायला हवा आणि शेवटच्या गाण्यापर्यंत खाली येता कामा नये. मागच्याला काय दिसतंय हा मागच्याचा प्रश्न. गाणाऱ्यानं काही मागितलं तर द्यायचं नाही, फक्त टिपायचं. आणि इथेच, काय सांगू, माझं डोकं फिरतं. कारण या बँडनं लोकांकडे मागितलं हीच तर त्यांची सगळी कमाई आहे! १९७७ साली इंग्लंडात स्टॅफर्डला कार्यक्रम संपला तरी लोक हलेनात, उलट बँडसाठीच गायला लागले. ब्रायन मे विचारात पडला. दाटीवाटीनं उभी असलेली माणसं, यांना करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, ओरडता येईल. त्यातून आलं 'वी विल रॉक यू'. ड्रम नाहीत. सगळ्यांनी मिळून फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, त्याचे थरावर थर चढवले. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, प्रत्येक थर किती उशिरानं कानावर यावा याचंही गणित त्यानं केलं. त्याची स्वतःची गिटार येते पार शेवटी. आधी तुमचे पाय, मग त्याची गिटार! तरीही आमच्याकडे तो माणूस कोण, तर 'लांब केसांचा'.

१३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, तोच 'लाइव्ह एड'. भर उजेडात, दिव्यांच्या झगमगाटाशिवाय, जेमतेम २१ मिनिटं. 'रेडिओ गागा' या गाण्याला डोक्यावर दोन टाळ्या, आणि ७२ हजारांचे हात एकदम वर. फ्रेडी नुसता 'ए-ओ' म्हणतो आणि ते अख्खं मैदान त्याला 'ए-ओ' परत देतं. आपल्याकडे कीर्तनकारानं हात वर केला की मांडव 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतो ना, ते अंग होतं त्या माणसाकडे. तो जाऊन तीस वर्षं उलटली, मे आणि ड्रमर रॉजर टेलर सत्तरी ओलांडून दुसरा गायक घेऊन उभे राहिले, तरी स्टेडियमं भरली. लोक त्या टाळ्या वाजवायला आले.

शनिवारी त्या पोरानं 'ए-ओ' म्हटलं. समोरून काहीच नाही. पुन्हा म्हटलं. तीनशे फोन, सगळे लुकलुकतायत, आवाज शून्य. तो बिचारा कसनुसा हसला. 'रेडिओ गागा'ला मी उभा राहिलो, हात वर केले, दोन टाळ्या वाजवल्या. मागून आवाज आला, "काका, बसा ना, फ्रेममध्ये येताय."

अरे, येणारच! मी तिकीट काढून आलोय. एका हातानं टाळी वाजत नाही हे तुझ्या आजीनं तुला सांगितलं नव्हतं? दुसऱ्या हातात तो फोन धरलायस, तो व्हिडिओ तू स्वतःसुद्धा परत बघणार नाहीस. स्टेजवरचा पोरगा तुझ्याचकडे बघून ओरडत होता, तुझ्या फोनकडे नाही. तुला गाता येत नसेल, मलाही येत नाही. ओरडता तर येतं? नको असेल तर घरी बस, वेम्ब्लीचं चित्रण यूट्यूबवर आहे, चांगल्या कॅमेऱ्यांनी काढलेलं. पण इथे आलास तर तो फोन खिशात घाल आणि हात वर कर. मी बसणार नाही.