कलमा म्हटला की जन्नत पक्की? एका फिरत्या मजकुराला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर गेली काही वर्षं रूप बदलून फिरतो आहे. त्याचा गाभा असा: ‘मुसलमानाने अल्लाह एक आहे एवढं मानलं की झालं. कलमा म्हटला की जन्नत पक्की. नमाज-रोजा केला की लोकांशी कसंही वागायला तो मोकळा. खून माफ होतो, मूर्तिपूजा माफ होत नाही. काही अडलंच तर पैगंबर सोडवतील. आणि सगळं नशिबात लिहिलेलं, त्यामुळे प्रयत्नांचीही गरज नाही.’ हे फक्त बाहेरचे लोक पुढे पाठवतात असं नाही. यातली पहिली दोन वाक्यं मोठ्या समाधानाने सांगणारे आमच्यातही आहेत. त्यामुळे हे उत्तर दोघांसाठी आहे.

‘कलमा म्हटला की जन्नत पक्की.’ हे वाक्य कुणी हवेतून आणलेलं नाही. ‘ला इलाह इल्लल्लाह’ (अल्लाहखेरीज कुणी उपास्य नाही) हा कलमा म्हणणारा जन्नतमध्ये जाईल अशा अर्थाच्या हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदी, आहेत. ज्याच्या मनात कणभर ईमान (श्रद्धा) असेल तोही शेवटी जहन्नममधून (नरकातून) बाहेर काढला जाईल, असं बुखारी या हदीससंग्रहात स्पष्ट आहे. ते लपवण्याचं कारण नाही. पण ‘शेवटी बाहेर काढला जाईल’ याचा अर्थ आधी तो आत गेलेला असेल, हे सांगणारा सोयीने विसरतो. त्याच बुखारीत जनाज्याच्या (अंत्यविधीच्या) प्रकरणात सुरुवातीच्या काळातले विद्वान वहब बिन मुनब्बिह यांचं उत्तर आहे. त्यांना कुणीतरी विचारलं, कलमा ही जन्नतची किल्ली नाही का? ते म्हणाले, आहे. पण दात नसलेली किल्ली असते का? दात असलेली आणलीस तर दार उघडेल, नाही तर नाही. कुरआनने तर हा प्रश्न उलटा आपल्यालाच विचारला आहे: ‘आम्ही ईमान आणलं’ एवढं म्हटल्यावर आपली परीक्षा न घेता आपल्याला सोडून देतील, असं लोकांना वाटतं का? (सूरह म्हणजे अध्याय २९, आयत म्हणजे वचन २).

कलमा उच्चारणं सुरुवातीला किती महाग पडत होतं हेही आठवावं. मक्केत हजरत बिलाल (र.) गुलाम होते. त्यांचा मालक उमय्या बिन खलफ त्यांना तापलेल्या वाळूवर आडवं पाडून छातीवर मोठा दगड ठेवायचा, आणि ते ‘अहद, अहद’ म्हणत राहायचे, म्हणजे एकच, एकच. त्या एका शब्दाने उमय्याची मालकी नाकारली जात होती आणि उमय्याला ते नीट कळत होतं. तोंडी हजेरी लावण्यापुरतं ते असतं, तर त्याने एवढा छळ कशाला केला असता?

‘नमाज-रोजा केला की लोकांशी कसंही वागायला मोकळा.’ संपूर्ण मजकुरात सर्वांत खोटं वाक्य हेच, म्हणून इथे थोडं थांबतो. कुरआनची १०७ वी सूरह, अल-माऊन, फक्त ७ आयतींची आहे आणि आमच्या पोरांना लहानपणीच पाठ असते. न्यायाचा दिवस खोटा मानणारा माणूस कोण, असं विचारून ती लगेच ओळख पटवते: अनाथाला धक्के देऊन हाकलणारा, गरिबाला जेवू घालायला कुणाला न सांगणारा. आणि पुढची आयत थेट नमाज पढणाऱ्यांवर येते. नमाजकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा, लोकांनी बघावं म्हणून पढणाऱ्यांचा आणि शेजाऱ्याला वापरायची साधी वस्तूही न देणाऱ्यांचा नाश असो.

सहीह मुस्लिम या दुसऱ्या हदीससंग्रहातली मुफलिसची, म्हणजे दिवाळखोराची, हदीस याहून कडक आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी साथीदारांना विचारलं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो. पैगंबर म्हणाले, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) दिवाळखोर तो, जो कियामतच्या, म्हणजे अंतिम न्यायाच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (सक्तीचं दान) सगळं घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर खोटा आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची नेकी एकेकाला वाटून टाकली जाईल. नेकी संपली तर त्यांचे गुनाह त्याच्या डोक्यावर येतील आणि तो जहन्नममध्ये टाकला जाईल. लक्षात घ्या, हा माणूस नमाजी आहे, रोजेदार आहे, जकात देणारा आहे, एकच अल्लाह मानणारा आहे.

हे केवळ ग्रंथात राहिलेलं नाही. आपल्याकडे कुठल्याही गावात जनाज्याच्या नमाजला गेलात तर दिसेल. सफा (रांगा) लागलेल्या असतात, मय्यत पुढे ठेवलेली असते. घरातला कुणीतरी लोकांकडे तोंड करून सांगतो, ‘अब्बांकडून कुणाचं काही येणं असेल तर माझ्याकडे या, मी देणार. कुणाला बोलण्या-चालण्यात दुखावलं असेल तर माफ करा.’ एकदा मागच्या सफेतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि मुलाच्या कानाशी काही बोलले. मुलाने त्यांचा हात धरला, मान हलवली, ‘चाचा, संध्याकाळी घरी या’ म्हणाला. मगच इमामसाहेबांनी तकबीर देऊन (‘अल्लाहु अकबर’ म्हणून) नमाज सुरू केली. यामागे बुखारीतलाच प्रसंग आहे. एक जनाजा आणला गेला. याच्यावर कर्ज आहे का, असं पैगंबरांनी विचारलं. तीन दीनार होते आणि फेडायला मागे काही नव्हतं. तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा, असं ते म्हणाले. साथीदार अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा पैगंबर नमाजला उभे राहिले. शहीदाचंही कर्ज सोडून बाकी सगळं माफ होतं, अशी मुस्लिममधली हदीस आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करेल. माणसाचा हक्क मारला असेल तर ज्याचा मारला त्याच्याकडेच जावं लागतं.

‘खून माफ, मूर्तिपूजा माफ नाही.’ इथे सूरह निसाची ४८ वी आयत अर्धी सांगितली जाते. अल्लाह शिर्क (त्याच्या बरोबरीने दुसऱ्याला पुजणं) माफ करत नाही, त्याखेरीज बाकी ज्याला इच्छील त्याला माफ करतो, अशी ती आहे. ‘ज्याला इच्छील त्याला’ यात हमी कुठे आहे? याच सूरहची ९३ वी आयत मोमिनाला (श्रद्धावंताला) जाणूनबुजून ठार करणाऱ्याला जहन्नमची शिक्षा सांगते. पाचव्या सूरहची ३२ वी आयत निरपराध माणसाचा खून म्हणजे साऱ्या मानवजातीचा खून असं सांगते, आणि तिथे मुसलमान-गैरमुसलमान असा भेद नाही. शिर्क माफ नाही हे तौबा (पश्चात्ताप) न करता मरणाऱ्याबद्दल आहे, यावर उलेमांचं (धर्मपंडितांचं) एकमत आहे. ते तसं नसतं तर पैगंबरांचे बहुतेक साथीदारच अडचणीत आले असते, कारण ते आधी मूर्तिपूजकच होते. उहुदच्या लढाईत मुसलमानांवर मागून चाल करून आलेले खालिद बिन वलीद (र.) पुढे इस्लामचे सेनापती झाले.

शेजारच्या हिंदू माणसाचं आखिरतमध्ये (मृत्यूनंतरच्या जीवनात) काय होणार, हेही मला सतत विचारतात. निकाल सांगायचा अधिकार मला नाही. मुस्लिममध्येच हदीस आहे: एक जण शपथ घेऊन म्हणाला, अल्लाह अमक्याला माफ करणार नाही. अल्लाहने विचारलं, माझ्या नावाने असं बोलणारा हा कोण? मी त्याला माफ केलं आणि तुझे कर्म वाया घालवले.

‘पैगंबर सोडवतील.’ शफाअत (पैगंबरांनी दुसऱ्यासाठी केलेली रदबदली) आम्ही मानतो, पण कुरआनच्या आयतुल कुर्सी या आयतीत म्हटल्याप्रमाणे ती अल्लाहच्या परवानगीनेच. पैगंबर स्वतःच्या मुलीला म्हणाले, फातिमा, माझ्या मालातून हवं ते माग. अल्लाहपुढे मी तुझ्या काही कामी येणार नाही. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं आणि लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच हे झालं. त्यांनी ताबडतोब थांबवलं: सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही. ६३२ मध्ये पैगंबर गेले तेव्हा गोंधळलेल्या लोकांपुढे हजरत अबू बक्र (र.) म्हणाले, जो मुहम्मद यांची इबादत करत होता त्याने ऐकावं, मुहम्मद वारले, जो अल्लाहची करत होता त्याने ऐकावं, अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. माझ्या दृष्टीने तौहीद (अल्लाह एकच आहे ही श्रद्धा) म्हणजे नेमकं हे. घराणं, ओळख, पैसा, वशिला, सगळं बाजूला होतं आणि हिशोब द्यायला माणूस एकटा उरतो. त्याने वागणं सैल कसं होईल?

‘नशिबात लिहिलेलं, म्हणून प्रयत्न नकोत.’ याचं उत्तर खलिफा हजरत उमर (र.) यांनी देऊन ठेवलं आहे. ते शामकडे (सीरियाच्या प्रदेशाकडे) निघाले होते. सर्ग या ठिकाणी कळलं की पुढे प्लेग आहे. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचं ठरवलं. साथीदार अबू उबैदा (र.) म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून (त्याने लिहिलेल्या नशिबापासून) पळता? उमर म्हणाले, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. तुझे उंट अशा खोऱ्यात उतरले की ज्याची एक बाजू हिरवी आणि एक ओसाड, तर हिरव्या बाजूला चारलेस तरी अल्लाहच्या तकदीरनेच आणि ओसाड बाजूला चारलेस तरी त्याच्याच तकदीरने, नाही का? तेवढ्यात दुसरे साथीदार अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आले आणि त्यांनी पैगंबरांचं वचन सांगितलं: जिथे प्लेग असेल तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे आला तर पळून बाहेर पडू नका. उमर यांनी अल्लाहचे आभार मानले आणि माघारी वळले. २०२० मध्ये मशिदी बंद झाल्या तेव्हा घरी जुम्याऐवजी (शुक्रवारच्या सामूहिक नमाजऐवजी) जोहर (दुपारची रोजची नमाज) पढताना आमच्याकडे हीच हदीस लोक एकमेकांना सांगत होते.