बोअरचे पाणी उकळून पिण्याचा सल्ला घातक आहे

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या आत्याने महिनाभरापूर्वी नळाचे पाणी पिणे बंद केले, आणि त्याला कारण ठरला एक फिरता संदेश. त्यात म्हटले आहे की नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन हे अंगात भिनणारे विष आहे, विजेच्या दांड्या बुडवताच नळाचे पाणी तपकिरी होते हा त्याचा पुरावा आहे, १०० च्या वर टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) असलेले पाणी पिऊ नये, आणि जमिनीने गाळून दिलेले बोअरचे पाणी वीस मिनिटे उकळले की त्यात कोणताही दोष उरत नाही.

या शेवटच्या वाक्यामुळेच मला लिहावे लागत आहे. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. परंतु फ्लोराइड आणि नायट्रेट हे जंतू नव्हेत. पाण्याची वाफ होते, ते मात्र पातेल्यातच राहतात, आणि वीस मिनिटांत पाणी जितके आटते तितके त्यांचे प्रमाण वाढते. आत्याच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि 'दोष खाली बसला' असे तिला वाटते. वास्तविक तो मुख्यतः चुनखडीचा क्षार असतो, फ्लोराइड पाण्यातच राहते. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, कारण ते तेथील खडकांतूनच पाण्यात उतरते. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे पाठ आणि गुडघे आखडतात. आत्याची नात पाच वर्षांची आहे, म्हणजे तिचे कायमचे दात हिरड्यांच्या आत अजून घडत आहेत.

दांड्यांचा प्रयोग ही निव्वळ फसवणूक आहे. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसून विजेने झिजलेल्या लोखंडी दांडीचा गंज असतो. प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेल्या फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्यात चिमूटभर मीठ टाकले की तेही तसेच तपकिरी होते. टीडीएसबाबत त्याच मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, १०० नव्हे. शिवाय बोअरच्या पाण्याचा टीडीएस बहुधा नळाहून जास्तच असतो, त्यामुळे हा संदेश स्वतःलाच खोडून काढतो.

क्लोरीनबाबत एवढे मान्य करावे लागेल की पावसाळ्यात टीसीएल पावडरचा (पाण्यात टाकायच्या क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडरचा) उग्र वास येतो, आणि क्लोरीनची सेंद्रिय घाणीशी प्रक्रिया होऊन काही अपायकारक संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात. तथापि जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे : निर्जंतुकीकरणात कसूर केल्याने होणारा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. दिवसाआड पाणी सोडले जाते तेव्हा रिकाम्या, गळक्या नळातून गटाराचे पाणी आत ओढले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच घरच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. ओटी चाचणीत, म्हणजे क्लोरीन तपासण्याचे थेंब टाकल्यावर, पाणी पिवळे झाले नाही, तर तक्रार त्याची करावी.

बोअरच्या पाण्याचा नमुना मी प्लास्टिकच्या बाटलीत भरून जिल्हा प्रयोगशाळेत फ्लोराइड आणि नायट्रेटच्या तपासणीसाठी दिला आहे. अहवाल हाती येईपर्यंत नातीला नळाचेच पाणी द्यायचे, मनाचे समाधान होत नसेल तर तेच उकळून, हे आत्याने मान्य केले आहे.