पैठणीच्या डागाबद्दल आमचं उत्तर

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक स्वतः लिहितोय. तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने मला वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: 'साडी तीन दिवस उशिरा दिली, पदरावर नसलेले डाग पाडले, वर ६५० रुपये घेतले. नावाला ड्रायक्लीनर्स. मागे डोकावलं तर मशीनमध्ये कपडे ओले. आत नुसता धोबीघाट आहे.'

उशिराबद्दल माफी मागतो. कबूल केलेल्या तारखेनंतर तीन दिवसांनी साडी दिली, तीही गौरीपूजनाच्या सकाळी. मधल्या गुरुवारी दिवसभर वीज नव्हती आणि गणपतीच्या आठवड्यात आमच्याकडे साड्यांची चळत लागलेली असते. तरीही एक फोन करून तुम्हाला सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, ही आमची चूक.

पण 'मशीनमध्ये कपडे ओले', म्हणजे आम्ही साड्या पाण्यात बुडवतो, हे वाचून झोप लागली नाही. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मशीनच्या काचेतून तुम्हाला कपडे ओले दिसले ते खरंच आहे. ते ओलेच असतात. पण पाण्याने नाही, पर्कने. पूर्ण नाव परक्लोरोएथिलीन. दिसायला पाण्यासारखंच नितळ, पण पाण्यापेक्षा दीडपटीहून जड. ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडं धुणं नव्हे, बिनपाण्याचं धुणं. पर्क तेल, तूप, मेकअप, मानेवरचा मेणचटपणा विरघळवून नेतं आणि रेशमाचा धागा फुगत नाही. म्हणून साडीचा पोत राहतो.

तुमची पैठणी पाण्यात गेली असती तर काय झालं असतं ते सांगतो. आधी खालचा फॉल बघा. फॉल सुती असतो, पाणी लागलं की आटतो आणि साडीचा काठ ओढून घेतो. तुमचा फॉल सरळ आहे, काठाला एक चुणी नाही. पदरावरचे मोर बघा. जरीचा धागा आणि रेशीम पाण्यात सारखं आटत नाही, विणीला लगेच सुरकुत्या धरतात. तशी एकही सुरकुती नाही. हिरव्या काठाचा रंग मोतिया अंगावर उतरलेला नाही. हे मी तुम्हाला काउंटरवरच दाखवत होतो, पण दुकानात चार गिऱ्हाईकं असताना तुम्ही माझ्या मुलाला 'तुला यातलं काही कळतं का रे' म्हणालात, तेव्हा बोलणंच थांबलं.

आता डाग. पदरावर रुपयाएवढा एक आणि त्याच्या खाली दोन थेंब, पिवळट तपकिरी. साडी दिलीत तेव्हा ते दिसत नव्हते, हे मलाही मान्य आहे. पण मुलाने विचारलं होतं, 'काकू, काही सांडलंय का?' तुम्ही म्हणालात, 'काही नाही, फक्त फ्रेश करून द्या.' पावतीवर डागाच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय, खाली तुमची सही आहे. साडी न्यायला आलात तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, 'अगं, चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं नव्हतं का सांडलं याच पदरावर?' तुम्ही म्हणालात, 'ते तर तेव्हाच पुसलं होतं.'

ताई, तेच पन्हं आहे ते. साखरेचं पाणी पुसलं तरी थोडं रेशमात उतरतं. वाळल्यावर काहीच दिसत नाही. मग महिनोन् महिने कपाटात ते हळूहळू पिवळं पडत जातं आणि गरम हवा किंवा इस्त्री लागली की तपकिरी होऊन वर येतं. नारळपाणी, सरबत, पन्हं सगळ्यांचं असंच. पर्कमध्ये साखर विरघळत नाही. ती पाण्यात विरघळते. म्हणजे तुम्ही म्हणता तसा आमच्याकडे पाण्याचा कारभार असता, तर साडी खराब झाली असती पण पन्हं निघून गेलं असतं! डाग राहिला, कारण साडीला पाणी लागलं नाही.

असा डाग मशीनमध्ये घालायच्या आधी काढायचा असतो. स्पॉटिंगच्या टेबलावर, अगदी थोड्या पाण्याने, तेवढ्याच जागेवर, खाली कापड धरून. आमच्याकडे हे काम करणारा कारीगर २२ वर्षं हेच करतोय. त्याला नुसतं 'इथे पन्हं सांडलं होतं' एवढं कळायला हवं होतं. तुमचा लपवायचा हेतू नव्हता हे मी समजतो, पुसलेला डाग कोणाच्या लक्षात राहतो? पण मग तो आम्ही पाडला असं लिहू नका. साडी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तपासली गेली, दिवसाच्या उजेडात बघायला हवी होती, हेही सांगून टाकतो. आणि सुकवल्यावर डाग दिसला तेव्हाच कारीगराने थांबून मला हाक मारायला हवी होती. घाईत इस्त्री फिरली. पावतीचं आणि तपासणीचं काहीतरी नीट बसवतोय.

६५० मध्ये रोल पॉलिशही आहे, म्हणजे साडी रोलरवरून काढून तिला ताठपणा आणि चमक देणं. दर काउंटरमागे लावलेले आहेत.

राहिला 'धोबीघाट'. तुम्ही तो शब्द रागात लिहिलात, पण आम्हाला तो लागला. आम्ही परीट. माझे आजोबा नदीवर दगडावर कपडे आपटायचे, वडिलांनी हातगाडीवर इस्त्री केली आणि त्यातून हे दुकान उभं राहिलं. दुकानात गाडगेबाबांचा फोटो आहे, सकाळी त्यांना हार घातल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. लोकांच्या लग्नातले शालू आणि आजीच्या पैठण्या इथे विश्वासाने येतात. घाटावर धुणारा माणूस आमच्या घरात कमी लेखला जात नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन केला, 'आमच्या साड्या परत न्यायच्या का?' आमचं घर याच कामावर चालतं, ताई.

पैठणी तुमच्या आईने लग्नात दिलेली आहे असं तुम्ही लिहिलंय. ते मनात आहे. घेऊन या. मी स्वतः टेबलावर घेईन, पैसे घेणार नाही. डाग पूर्ण निघेलच असं छातीठोकपणे सांगत नाही, तपकिरी झालेली साखर चिवट असते आणि जास्त घासलं तर रेशीम विटतं. पण फिका नक्की करण्याचा प्रयत्न करू. तोवर आमची प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका, साडी मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला चिकटू देऊ नका. आणि त्या जागेवर घरी लिंबू, सोडा, साबण काही लावू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. दुपारी एकच्या आत आलात तर उजेड चांगला मिळेल.