शरणपूरची पोरं

मागच्या महिन्यात चार दिवस झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलात काढले. सेवा वगैरे करायला नाही हो, इन्व्हर्टर आणि सोलरच्या बॅटऱ्या बसवायला. तो माझा धंदा. लुसाकाहून सेरेंजेच्या पुढे, शेवटचा टप्पा लाल मातीचा. फोटो टाकले तर दोनच प्रकारच्या कॉमेंट आल्या. "देवमाणसं आहेत रे ती" ही एक, आणि "किती जणांना बाटवलं, विचारलंस का?" ही दुसरी. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर सोडून द्या.

दुसऱ्या कॉमेंटचं आधी उरकतो. बाटवायला शिल्लक कोण आहे तिथे? १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष चिलुबांनी देश ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं जाहीर केलं, १९९६ मध्ये ते घटनेच्या प्रस्तावनेत गेलं. आणि हे सगळं गोऱ्यांनी केलं असंही नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा मिशनच्याच वस्तीत जन्मले, पण तिथे धर्मप्रसार करायला आलेले त्यांचे वडील शेजारच्या न्यासालँडचे, म्हणजे आजच्या मलावीतले. आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचंच बघा. त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला नाव सांगण्याजोगा माणूस एकच, आजच्या बोत्सवानातला राजा सेचेले. धर्मासाठी त्याने जास्तीच्या बायका माहेरी पाठवल्या, त्यातल्या एकीला पुन्हा दिवस गेले, आणि लिव्हिंगस्टनने त्याला प्रभुभोजनातून वगळलं. पुढे त्याच सेचेलेने आपल्या लोकांत स्वतः बायबल शिकवलं. कोणाला श्रेय द्यायचं बोला.

आता देवमाणसं. हॉस्पिटलची सिस्टर केरळची. मला बघून हिंदीत "भैया, मुंबईसे?" म्हणाली. मी म्हटलं नाशिक. एकोणीस वर्षं तिथे आहे, बेंबा फाडफाड बोलते, आणि न्शिमाबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीच्या जवळचा, पण त्याहून फिका) माशाचं कालवण असं करते की मी तीनदा वाढून घेतलं. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही.

पण माझ्या डोक्यात बसलंय ते बाळंतिणींचं घर. वॉर्डापलीकडे पत्र्याची एक लांबट खोली. गावं इतकी लांब की कळा सुरू झाल्यावर निघून उपयोग नसतो. म्हणून बायका दोन-तीन आठवडे आधीच येऊन राहतात. मक्याचं पीठ, पातेली, कोळसा, सगळं घरून. बाहेर म्बाउला, म्हणजे पत्र्याच्या शेगड्या, ओळीने पेटलेल्या. कमरेला चितेंगे (छापील कापड) गुंडाळलेल्या आठ-दहा पोटुश्या बाया न्शिमा ढवळतायत. या घराचा सगळा कारभार एका पन्नाशीच्या नर्सकडे. सगळे तिला 'बामायो' म्हणतात, म्हणजे आई. माझ्या मुक्कामात तीन रात्री तीच ड्यूटीला होती. २०२४ च्या दुष्काळात वीज देणाऱ्या करिबा धरणाचं पाणी तळाला गेलं तेव्हा देशभर तासन्‌तास वीज नसायची. त्या दिवसांत ही बाई मोबाईलचा टॉर्च केसांच्या जाळीत खोचून बाळंतपणं करत होती. मला तिने ती जाळी दाखवली. एका बाजूला ताणून भोक पडलंय. "आता तुझ्या बॅटऱ्या चालल्या तर नवीन घेईन," म्हणाली.

ऑफिसात पाहुण्यांची वही आहे. स्कॉटलंड, अमेरिका, जर्मनी, दोन-दोन आठवड्यांसाठी येऊन भिंत रंगवून गेलेले कॉलेजचे ग्रुप. मी पानं चाळली. सिस्टरचं कौतुक, जुन्या गोऱ्या डॉक्टरांचं कौतुक, सूर्यास्ताचं कौतुक. बामायोचं नाव एकदाही नाही. मीही माझ्या चार ओळी खरडल्या आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मीही सिस्टरचंच लिहून आलोय.

परतताना चितांबोला वळलो. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन इथे वारला. एक दगडी स्तंभ, वर क्रूस, भोवती शांतता. त्याचं काळीज इथल्या म्पुंदूच्या झाडाखाली पुरलं. ते झाड १८९९ मध्ये तोडलं आणि कोरलेला बुंधा लंडनला नेला. देह मिठात आणि उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून त्याच्या माणसांनी हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत नेला. नऊ महिने लागले.

झाडावर नाव कोरणारा आणि पुरताना प्रार्थना वाचणारा होता जेकब वेनराइट. शिकला कुठे? नाशिकला! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इंग्रज मुंबईत उतरवायचे, त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरला यायची. तिथे अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम. आपला शरणपूर रोड तो हाच. १८६६ च्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन मुंबईहून निघाला तेव्हा इथलीच नऊ पोरं बरोबर होती. जेकब नंतरच्या तुकडीतला. देह नेणाऱ्यांचा एक म्होरक्या चुमा, तो मुंबईत डॉ. विल्सनच्या शाळेत होता. हो, विल्सन कॉलेजवाले विल्सन.

१८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. जेकबला मिशनने भाडं भरून नेलं. चुमा आणि दुसरा म्होरक्या सुसी, ज्यांनी सगळी वाट काढली, ते इंग्लंडला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि जेकब तरी काय, मूळचा याओ जमातीचा, पण इतिहासात आला तो साहेबी नावाने. शाळेने त्याला अक्षर दिलं हे मी मान्य करतो, पण हेही मला त्याच वाक्यात सांगायचंय.

मी दहावीपर्यंत रोज सायकलने त्या रस्त्यावरून गेलोय. एका शिक्षकाने, एका नातेवाइकाने कधी हे सांगितलं नाही. चितांबोहून रेंज आल्याबरोबर दादाला फोन लावला. म्हटलं, शरणपूरला जाऊन बघ रे, त्या काळचं काही उरलंय का, एखादी कबर, एखादी पाटी.

दादा म्हणाला, "तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. नक्की काय बघायचं ते आधी व्हॉट्सॲप कर."