प्लॅन वाढवण्याआधी राउटर कुठे ठेवला आहे ते पाहावे

आमच्या मागच्या बेडरूममध्ये, जिथे मुलीचा अभ्यास आणि माझे ऑफिसचे काम चालते, तिथे व्हिडिओ कॉल सतत अडकत असे. तक्रार केल्यावर इंटरनेट कंपनीच्या प्रतिनिधीने १०० ऐवजी २०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन सुचवला आणि आम्ही तो निमूटपणे घेतला. काडीचाही फरक पडला नाही. टाकी काठोकाठ भरली म्हणून चोंदलेल्या नळाला धार येत नाही, हे आम्हाला तेव्हाच सुचायला हवे होते.

शेवटी एका रविवारी फोनवर वाय-फायचा सिग्नल मोजणारे ॲप घेतले आणि पाठकोऱ्या कागदावर घराचा आराखडा काढून प्रत्येक खोलीतला आकडा टिपत फिरलो. हा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक), उणे चिन्हासह येतो. तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, आणि उणे ६७ पर्यंत कॉल सहसा सुरळीत चालतो. आमच्या हॉलमध्ये उणे ४५ होता, मुलीच्या टेबलावर उणे ८१. दर १० अंकांना शक्ती दहापट घटते, म्हणजे टेबलापर्यंत ती सुमारे ४००० पट कमी झाली होती!

राउटर टीव्हीमागच्या बंद कप्प्यात होता. धूळ बसू नये म्हणून आईने त्यावर विणलेला रुमाल घातला होता. सगळ्यांनी आधी त्यालाच दोष दिला, पण सुती कापड लहरींना अडवत नाही. खरा अडथळा म्हणजे टीव्ही, दोन भिंती आणि बेडरूमच्या दाराशी उभे असलेले आरशाचे लोखंडी कपाट, कारण पत्रा लहरी परतवून लावतो. जिथून इंटरनेट घरात येते ती फायबरची पेटी जागेवरच ठेवून तिथून कॅट-६ (नेटवर्कची) केबल ओढली आणि राउटर पॅसेजमध्ये, माळ्याच्या कडेला उंचावर बसवला. टेबलावर उणे ६६ दिसू लागले.

आमचा राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे वारंवारितेच्या दोन टप्प्यांवर, चालतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल (पट्ट्यातले उपमार्ग) एकमेकांवर चढत नाहीत. शेजारपाजारचे बहुतेक राउटर ६ वर दिसल्यामुळे आम्ही ११ निवडला. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर नमतो, तो हॉलपुरता ठेवला.

स्वस्त रिपीटरबद्दल (सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र) माझे मत फारसे चांगले नाही. लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या कोपऱ्यात खोचतात, आणि एकाच पट्ट्यावर घेणे-देणे करताना तो वेग जवळपास निम्मा करतो. फार मोठे घर असेल तर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे दुसरे ठिकाण) म्हणून केबलने जोडणे अधिक खात्रीचे.

प्लॅन पुन्हा १०० वर आणला आहे. रुमाल मात्र काढला, कारण राउटर तापत होता. आईला ते अजून पटलेले नाही.